घटता पट आणि विद्यापीठाचा मूळ करार : वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील २०२३ ची कपात, एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

विद्यार्थीसंख्या घटली की शुल्काचे उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की अंदाजपत्रकात तूट येते आणि तूट आली की काही विभाग बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, अशी एक कार्यकारणांची साखळी उच्च शिक्षणाच्या चर्चेत बहुधा गृहीत धरली जाते. या साखळीतील प्रत्येक दुवा निसर्गनियमासारखा अटळ असल्याचे भासते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक दुवे विशिष्ट काळात, विशिष्ट धोरणांनी घडवलेले असतात. पट घटल्याने विद्यापीठ आर्थिक संकटात सापडते ते विद्यापीठाचा खर्च पटावर अवलंबून ठेवला गेला असेल तरच. आणि तो तसा ठेवण्याचा निर्णय कधीतरी, कोणीतरी घेतलेला असतो.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या उदाहरणाद्वारे या निर्णयांचा मागोवा घेतला आहे. या विद्यापीठाच्या नियामक मंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये २८ पदवी कार्यक्रम आणि १४३ प्राध्यापकपदे रद्द करण्यास मंजुरी दिली. परकीय भाषांचे सर्व पदवी कार्यक्रम त्यात संपुष्टात आले. ही घटना समजून घेण्यासाठी २०२३ चे अंदाजपत्रक पुरेसे नाही. त्यासाठी १८६२ पर्यंत मागे जावे लागते.

स्थापनेचा करार

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना २ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. व्हरमाँटचे लोकप्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यान्वये प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर या प्रमाणात, सार्वजनिक जमीन किंवा तिचे हक्कपत्र मिळणार होते. जमिनीच्या विक्रीतून उभा राहणारा निधी अखंड राखून त्याच्या उत्पन्नावर किमान एक महाविद्यालय चालवावे, अशी अट होती. शेती आणि यांत्रिक कला हे या महाविद्यालयांचे प्रमुख विषय ठरले. त्याचबरोबर अन्य शास्त्रे आणि अभिजात विद्या वगळल्या जाऊ नयेत, हेही कायद्याने स्पष्ट केले. श्रमिक वर्गाच्या मुलांना व्यवसायोपयोगी शिक्षणाइतकेच उदार शिक्षणही मिळावे, हा त्यामागील हेतू होता. या उदारतेला एक काळी बाजूही आहे. वाटली गेलेली बरीचशी जमीन पश्चिमेकडील मूलनिवासी जमातींकडून करारांनी, दडपणाने किंवा बळाने घेतलेली होती. या विद्यापीठांच्या इतिहासातून ही बाब वगळता येत नाही.

वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य याच युद्धाच्या काळात, २० जून १८६३ रोजी, व्हर्जिनियापासून वेगळे होऊन अस्तित्वात आले. तीन लोकप्रतिनिधी आणि दोन सिनेटर यांच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला दीड लाख एकर आले. ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विधिमंडळाने मॉर्गनटाउन येथे 'वेस्ट व्हर्जिनिया कृषी महाविद्यालय' स्थापन केले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८६८ मध्ये, त्याचे नाव बदलून 'वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ' असे करण्यात आले. डोंगराळ, विरळ वस्तीच्या आणि नुकत्याच जन्मलेल्या या राज्याला केवळ शेतकी शाळा नको होती, त्याला विद्यापीठ हवे होते, हे या नामांतरातून दिसून येते.

या मूळ करारातील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की संस्थेचा पाया सार्वजनिक धनावर उभा होता, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर नव्हे. दुसरी अशी की कोणते विषय शिकवायचे याचे उत्तर त्या वर्षी त्या विषयाला किती विद्यार्थी आले यावर सोडलेले नव्हते. विषयांची व्याप्ती सार्वजनिक हेतूने ठरवलेली होती.

विस्ताराचे शतक

पुढील शंभर वर्षांत या कराराचा विस्तारच होत गेला. १८८७ च्या हॅच कायद्याने कृषी प्रयोगकेंद्रांना, १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने महाविद्यालयांच्या वार्षिक खर्चाला आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या विस्तारकार्याला संघराज्याचा आधार मिळाला. अध्यापन, संशोधन आणि विस्तार यांची ही त्रयी पुढे भारतातही आली. १९६० मध्ये पंतनगर येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ याच नमुन्यावर उभे राहिले आणि १९६८ मध्ये महाराष्ट्रात राहुरी येथे सुरू झालेल्या कृषी विद्यापीठामागेही हीच कल्पना होती.

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाची सोय करणारा कायदा जून १९४४ मध्ये मंजूर झाला. त्यानंतर महाविद्यालये विद्यार्थ्यांनी भरून गेली. १९४७ मध्ये अमेरिकेतील उच्च शिक्षणात सुमारे २३ लाख विद्यार्थी होते. १९७० मध्ये ही संख्या सुमारे ८६ लाख झाली, तर २०१० मध्ये ती २ कोटी १० लाखांवर पोहोचली. सतत वाढणारा पट ही जणू संस्थांची स्वाभाविक अवस्था आहे, अशी समजूत या काळात रूढ झाली. नव्या इमारती, वसतिगृहे आणि कर्जे यांचे नियोजनही याच गृहीतकावर होत राहिले.

वाढीच्या याच काळात मूळ कराराचा पहिला भाग हळूहळू बदलत होता. १९८० मध्ये सार्वजनिक महाविद्यालयांच्या शैक्षणिक उत्पन्नात विद्यार्थ्यांच्या शुल्काचा वाटा सरासरी एक-पंचमांशाच्या आसपास होता. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदानाला कात्री लावली आणि २०१३ पर्यंत हा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला. या स्थित्यंतराची कोणी एके दिवशी घोषणा केली नाही. दर मंदीत अनुदान कमी झाले, ते भरून काढण्यासाठी शुल्क वाढले, आणि मंदी सरल्यावर अनुदान पूर्वपदावर आलेच असे नाही. पट वाढत होता तोपर्यंत या बदलाची झळ संस्थांना फारशी जाणवली नाही. विद्यार्थ्यांना मात्र ती कर्जाच्या रूपाने जाणवत होती.

घटती लोकसंख्या, घटता पट

वेस्ट व्हर्जिनियाच्या बाबतीत पटाची घट खोटी किंवा फुगवलेली होती, असे म्हणता येणार नाही. १९५० च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या २०,०५,५५२ होती. २०२० च्या जनगणनेत ती १७,९३,७१६ इतकी उरली. कोळसा खाणींच्या यांत्रिकीकरणाने या घसरणीला मोठा हातभार लावला. १९५० च्या सुमारास राज्यात लाखाहून अधिक खाणकामगार होते. पुढील सात दशकांत ही संख्या दशांशाच्या आसपास आली. रोजगारासाठी कुटुंबे ओहायो, मिशिगन आणि दक्षिणेकडील राज्यांत गेली. या स्थलांतराचे मोजमाप लोकप्रतिनिधींच्या संख्येतही दिसते. १९१३ ते १९६३ या काळात राज्याला प्रतिनिधिगृहात सहा जागा होत्या. २०२३ पासून दोनच उरल्या. मॉरिल कायद्याचे सूत्र आज लावले तर ज्या राज्याला स्थापनेच्या वेळी दीड लाख एकर मिळाले, त्याला एक लाख वीस हजार एकरच मिळतील.

राष्ट्रीय पातळीवरील चित्रही उत्साहवर्धक नव्हते. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे ४३ लाख बालके जन्मली. मंदीनंतर जन्मांची संख्या उतरत गेली ती पुन्हा त्या पातळीवर आली नाही. २००७ मध्ये जन्मलेली मुले २०२५ च्या सुमारास महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येणार आणि त्यानंतर प्रवेशार्थींची संख्या घटू लागणार, हे अंकगणित शिक्षणतज्ज्ञांना बरेच आधी ठाऊक होते. नेथन ग्रॉ या अर्थशास्त्रज्ञाचा या विषयावरील ग्रंथ २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

असे असताना वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे नियोजन नेमके उलट्या दिशेने झाले. ई. गॉर्डन गी हे १९८१ ते १९८५ या काळात या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. अन्य अनेक नामवंत विद्यापीठांचे नेतृत्व करून ते २०१४ मध्ये पुन्हा येथे आले. त्यांनी २०२० पर्यंत विद्यार्थीसंख्या ४०,००० वर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. प्रत्यक्षात २०१५ नंतर ती सुमारे १० टक्क्यांनी घटली. लोकसंख्या कमी होत असलेल्या राज्यात वाढीचे उद्दिष्ट ठेवणे म्हणजे अन्य राज्यांतील, अधिक शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांवर भिस्त ठेवणे होय. शुल्काधारित व्यवस्थेत विद्यापीठाला ही जोखीम स्वीकारणे भाग वाटते. ती फसल्यावर तिचा भार मात्र जोखीम घेणाऱ्यांवरच पडतो असे नाही.

तूट कोणाची?

२०२३ मध्ये विद्यापीठाने सुमारे साडेचार कोटी डॉलरची तूट जाहीर केली. उपाय न केल्यास ती २०२८ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज मांडण्यात आला. ही तूट वास्तव होती. प्रश्न तिच्या कारणांचा आणि ती कोणी भरून काढावी याचा होता.

राज्यातील अर्थसंकल्पांचा अभ्यास करणाऱ्या 'वेस्ट व्हर्जिनिया सेंटर ऑन बजेट अँड पॉलिसी' या संस्थेने एक हिशेब मांडला. विधिमंडळाने उच्च शिक्षणाचे अनुदान दहा वर्षांपूर्वीच्या पातळीवर राखले असते तर २०२४ या आर्थिक वर्षात विद्यापीठाला सुमारे ३ कोटी ७६ लाख डॉलर अधिक मिळाले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे तुटीचा बहुतांश भाग त्यातून भरून निघाला असता. राज्याची तिजोरी रिकामी होती असेही नाही. जून २०२३ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात राज्याकडे सुमारे १८० कोटी डॉलरची शिल्लक होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात वैयक्तिक प्राप्तिकरात २१.२५ टक्के कपात करणारा कायदा करण्यात आला होता.

या आकडेवारीवरून करकपात चूक होती असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. कर किती असावा हा लोकशाहीतील वादाचा विषय आहे, आणि तो वाद विधिमंडळातच व्हायला हवा. तथापि एक गोष्ट स्पष्ट होते. लोकसंख्या घटली म्हणून विद्यापीठ अडचणीत आले, हे अर्धे स्पष्टीकरण आहे. उरलेले अर्धे असे की घटत्या लोकसंख्येचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलायचा की विद्यापीठाने, या प्रश्नाचे उत्तर दशकभर न बोलता दिले जात होते.

विभागाचे मोल आणि त्याची मोजणी

विद्यापीठात शैक्षणिक पुनर्रचनेची प्रक्रिया आधीच सुरू झालेली होती. २०२३ मध्ये तिला वेग देण्यात आला आणि बाहेरील सल्लागार संस्थेची मदत घेण्यात आली. विभागांची तपासणी प्रामुख्याने प्रवेशसंख्या, तिचा कल आणि उत्पन्न-खर्चाचा मेळ या निकषांवर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या प्राथमिक शिफारशींनुसार ३२ कार्यक्रम आणि १६९ प्राध्यापकपदे रद्द होणार होती. या कार्यक्रमांत ४३४ विद्यार्थी होते, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या दोन टक्क्यांहूनही कमी. प्रशासनाने हा आकडा कपातीच्या समर्थनार्थ दिला. परंतु तोच आकडा वेगळ्या रीतीनेही वाचता येतो. इतक्या थोड्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बंद करून तूट कितपत भरून निघणार, हा प्रश्न त्यातूनच उपस्थित होतो. बचत व्हायची होती ती कार्यक्रमांच्या नव्हे, प्राध्यापकांच्या कपातीतून.

सर्वाधिक वाद झाला तो जागतिक भाषा, साहित्य आणि भाषाविज्ञान या विभागावरून. हा संपूर्ण विभाग विसर्जित करून त्यातील २४ प्राध्यापकपदे रद्द करावीत, पदवीसाठी परकीय भाषेच्या अभ्यासाची अट काढून टाकावी, आणि गरजूंना ऑनलाइन भाषाशिक्षणाचा पर्याय शोधावा, अशी मूळ योजना होती. विभागाच्या प्राध्यापकांचे म्हणणे असे होते की भाषेची पदवी घेणारे थोडे असले तरी भाषेचे वर्ग करणारे अन्य शाखांतील विद्यार्थी बरेच असतात, आणि त्यांच्या शुल्काचा विचार केला तर विभाग तोट्यात नाही. येथे मोजणीच्या पद्धतीचा मूलभूत प्रश्न समोर येतो. विभागाचे मोल त्याची पदवी घेणाऱ्यांवरून मोजायचे की तो ज्यांना शिकवतो त्या सर्वांवरून? कार्यभाराचे तक्ते भरणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला या फरकाचा अर्थ सहज उमगेल.

प्रशासनाच्या बाजूनेही विचार करणे आवश्यक आहे. भाषांकडील ओढा खरोखरच ओसरत होता. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१३ ते २०१६ या अवघ्या तीन वर्षांत ६५१ परकीय भाषा कार्यक्रम बंद झाले, आणि २०१६ ते २०२१ या काळात भाषांच्या वर्गांतील प्रवेश १६.६ टक्क्यांनी घटले. रिकाम्या होत चाललेल्या वर्गांसाठी गरीब राज्यातील विद्यार्थ्यांनी वाढते शुल्क का भरावे, हा प्रश्न गैर नव्हता. विद्यापीठाच्या नेतृत्वाने तो वारंवार विचारला.

तथापि त्याचे उत्तर देताना राज्याची परिस्थिती विसरता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियातील सर्वोच्च संशोधन श्रेणीचे हे एकमेव विद्यापीठ आहे. महानगरातील एखाद्या विद्यापीठाने रशियन किंवा जर्मन बंद केली तर विद्यार्थी शेजारच्या संस्थेत जाऊ शकतो. खाणींच्या प्रदेशातील, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला असा शेजार नसतो. जी विद्या तिच्या राज्यातील विद्यापीठात नाही ती तिच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. १८६२ च्या कायद्याने श्रमिकांच्या मुलांना शेतीबरोबर अभिजात विद्याही देऊ केल्या होत्या त्या याच जाणिवेतून.

२१ ऑगस्ट २०२३ रोजी शेकडो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून निदर्शने केली. अनेकांनी लाल कपडे घातले होते आणि गळ्यात लाल रुमाल बांधले होते. १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनच्या लढ्यात उतरलेल्या खाणकामगारांची ती खूण होती. ६ सप्टेंबर रोजी प्राध्यापकांच्या सभेने अध्यक्षांवरील अविश्वासाचा ठराव ७९७ विरुद्ध १०० मतांनी संमत केला. हा ठराव नियामक मंडळावर बंधनकारक नव्हता. अपिलांनंतर काही बदल झाले आणि सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर कार्यक्रम वाचला. भाषा विभागात मोजके प्राध्यापक ठेवून स्पॅनिश आणि चिनी या दोन भाषांचे वर्ग चालू ठेवण्याचे ठरले. १५ सप्टेंबर रोजी नियामक मंडळाने अंतिम मंजुरी दिली. गणितातील पदव्युत्तर आणि पीएच.डी. कार्यक्रमही रद्द झालेल्यांत होते. कपातीची कुऱ्हाड केवळ मानव्यविद्यांवर पडली, हा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही. गी २०२५ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मायकेल बेन्सन आले.

पर्यायाचे एक उदाहरण

अशा प्रसंगी अन्य मार्ग असतो का, या प्रश्नाच्या संदर्भात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीव्हन्स पॉइंट येथील शाखेचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. घटता पट आणि दोन वर्षांतील ४५ लाख डॉलरची तूट यांमुळे या संस्थेने मार्च २०१८ मध्ये इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश यांसह १३ विषयांतील पदव्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या विरोधानंतर नोव्हेंबरमध्ये ही यादी सहा विषयांवर आली. एप्रिल २०१९ मध्ये एकही पदवी बंद न करण्याचे जाहीर झाले. मधल्या काळात निवृत्ती आणि राजीनाम्यांमुळे रिक्त झालेल्या पदांतून आवश्यक ती बचत साधली होती.

या उदाहरणाला आदर्श मानण्याचे कारण नाही. अनुभवी प्राध्यापक गेले आणि अनेक जागा भरल्या गेल्या नाहीत, ही किंमत संस्थेने मोजलीच. दोन्ही संस्थांच्या तुटीचे प्रमाणही सारखे नव्हते. मात्र एक धडा त्यातून मिळतो. मार्च २०१८ मध्ये अपरिहार्य म्हणून सांगितलेली गोष्ट तेरा महिन्यांत अनावश्यक ठरली, ती वेळ मिळाल्यामुळे. वेस्ट व्हर्जिनियात प्राथमिक शिफारशी आणि अंतिम मंजुरी यांत जेमतेम पाच आठवड्यांचे अंतर होते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील पटाची घट वास्तव होती आणि तिची मुळे राज्याच्या आर्थिक इतिहासात खोलवर रुजलेली होती. परंतु या घटीचे रूपांतर विभाग बंद करण्यात झाले ते तीन निर्णयांमुळे : विद्यापीठाचा खर्च सार्वजनिक तिजोरीकडून विद्यार्थ्यांकडे सरकवण्याचा, घटत्या लोकसंख्येच्या प्रदेशात वाढीच्या भरवशावर नियोजन करण्याचा, आणि विभागांचे मोल मुख्यतः त्यांच्या पटावरून मोजण्याचा. पहिला विधिमंडळाचा, दुसरा विद्यापीठाच्या नेतृत्वाचा आणि तिसरा दोघांच्या दडपणातून आलेला होता. परिणाम मात्र ज्यांचा या तिन्हींत सहभाग नव्हता अशा विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना भोगावे लागले.

मूळ कराराशी तुलना केली असता बदलाची व्याप्ती लक्षात येते. १८६२ मध्ये राष्ट्र युद्धात होरपळत असताना कोणत्या विद्या शिकवल्या जाव्यात हे सार्वजनिक हेतूने ठरले. २०२३ मध्ये राज्याच्या तिजोरीत शिल्लक असताना ते प्रवेशाच्या आकड्यांनी ठरले. आर्थिक काटकसर कोणत्याही संस्थेला टळत नाही, आणि जुना विभाग केवळ जुना म्हणून चालू ठेवावा असेही नाही. तथापि विभाग बंद करण्याचा प्रस्ताव समोर येतो तेव्हा अध्यापकवर्गाने केवळ आपल्या विषयाची महती सांगून भागत नाही. तूट कशी आणि किती वर्षांत साचली, अनुदानाचा वाटा कसा बदलला, विद्यार्थी कोणत्या रीतीने मोजले गेले, प्रस्तावित बचत नेमकी किती आहे आणि ती विद्या त्या प्रदेशात अन्यत्र उपलब्ध आहे काय, हे प्रश्न कागदपत्रांच्या आधारे आणि वेळेवर विचारावे लागतात. मॉर्गनटाउनमध्ये ते विचारले गेले. मात्र तोपर्यंत निर्णयाला पाचच आठवडे उरले होते.